दिल्लीत काय पाहावे, आणि कुणी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडचं पत्र उघडायच्या आधीच कळतं. पहिल्या चार ओळींत सगळ्यांच्या प्रकृती, मग "आम्ही यंदा हरिद्वारला जायचं म्हणतोय", आणि शेवटी, सहीच्या जरा वर, "दिल्लीत पाहण्यासारखं काय काय आहे तेही कळवावे". त्यातलं "कळवावे" हे नुसतं तोंडदेखलं. लिहिणाऱ्याने तिकिटं काढून ठेवलेली असायची.

आमचं घर आर. के. पुरमला होतं. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला, पुढे एक अरुंद व्हरांडा. दिल्लीत आपल्या राज्य सरकारचं अतिथिगृह आहे, पण तिथे सगळ्यांनाच कुठून जागा मिळणार? आमच्याकडे मात्र सगळ्यांना मिळत असे. वैष्णोदेवीला जाणारे, बद्रीनाथहून येणारे, मुलाखतीला आलेले, मुलगी दाखवायला आलेले, आणि काहीच कारण नसताना "म्हटलं थंडी कशी असते बघू" म्हणून आलेले. डिसेंबरात एकदा आमच्याकडे अकरा माणसं होती आणि रजया पाच. त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी झोपले. मी तेव्हाही तापट होते, आता तर विचारूच नका. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घर भरलेलं असलं की बाबा आवाज चढवून बोलायचे आणि आई जेवणात गोड करायची.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. तोच तो प्रश्न पन्नासदा ऐकून त्यांनी सरकारी माणूस करतो तेच केलं, एक टिपण तयार केलं. फुलस्केप कागद, वर अधोरेखित शीर्षक "दिल्लीत काय पाहावे", खाली क्रमांक घातलेल्या सूचना. कार्बन लावून एका वेळी चार प्रती काढायचे. पाहुणा आला, त्याने चहा घेतला, की बाबा कपाटातून कागद काढून त्याच्या हातात ठेवायचे आणि तो वाचून होईपर्यंत समोर उभे राहायचे.

त्या कागदाची भाषा अजून माझ्या डोक्यात आहे. "डिसेंबरात येणाऱ्यांनी आपापले स्वेटर आणावेत. यजमानांकडे जादा स्वेटर एकच आहे." "चांदनी चौकात पराठा अवश्य खावा, परंतु एक. दोन खाणारे घरी येऊन पडून राहतात व दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम बिघडतो." "करोल बागेत दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी. लाज बाळगू नये, तो बाळगत नाही." "यमुना पाहण्याचा आग्रह धरू नये." "ऑटोवाल्याशी बोलताना मुंबईची हिंदी वापरू नये." "सोमवारी बहुतेक ठिकाणे बंद असतात, तेव्हा सोमवारी विश्रांती घ्यावी व घरी मटार सोलण्यास मदत करावी." आणि सगळ्यांत ठळक, दोनदा अधोरेखित केलेली सूचना रविवारची: "सकाळी दहाच्या आत कुतुबमिनार. ऊन चढायच्या आत हिरवळीवर झाडाखाली जागा धरावी व डबा तेथेच खावा. नंतर हौज खास, मग लाल किल्ला."

कागद वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर गेला. खाली अहमदनगरचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं, त्यांच्या पाहुण्यांसाठी नाताळच्या प्रार्थनेची वेळ त्यात आली. पलीकडच्या ब्लॉकमध्ये औरंगाबादचं मुसलमान कुटुंब, त्यांच्यामुळे निजामुद्दीनची बस आणि तिथून परतायची शेवटची बस आली. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या एका बाईंनी तो कागद शाळेत आलेल्या पालकांना वाटला. बाबांना याचा इतका अभिमान होता की ते ऑफिसच्या बढतीबद्दलसुद्धा एवढं बोलले नसतील.

पण कागदातली माहिती बाबांची नव्हती. बाबा एकदा आल्या आल्या, पहाडगंजला खोली करून राहत असताना, हे सगळं हिंडले होते. त्यानंतर ऑफिस, बस आणि घर. माहिती गोळा करायची आई. पाहुणे संध्याकाळी दमून परत यायचे, जेवायला बसायचे आणि आई वाढता वाढता विचारायची. पाणी कुठे मिळालं? बायकांची सोय आहे का? चपला कुठे काढायला लावतात? म्हाताऱ्या माणसाला चढवेल का? कुणी पायरीवरून घसरलं की दुसऱ्या दिवशी आई बाबांना सांगणार, अहो, त्या पायरीचं लिहा कागदात. आणि बाबा नवी प्रत काढून वर लिहिणार, "सुधारित". आम्ही दिल्ली सोडली तेव्हा कागद सोळाव्यांदा सुधारला होता.

बरोबर हिंडायचं काम माझं. बारा वर्षांची झाल्यापासून मी गाइड. मला बसचे नंबर पाठ होते, हिंदी अस्सल दिल्लीची होती, मराठीत मात्र मी भाजीला सब्जी म्हणून टाकायचे आणि पाहुण्यांना हसायला विषय द्यायचे. कुतुबच्या आवारात तो जुना लोखंडी खांब आहे. त्याला पाठ लावून हात मागे नेऊन मिठी मारता आली तर इच्छा पुरी होते म्हणत. तेव्हा त्याला कुंपण नव्हतं. किती काका त्या खांबाला उलटे चिकटून "अगं ओढ, हात ओढ" म्हणाले असतील याची मोजदाद नाही. एका मावशीचे हात मी इतके ओढले की रात्री तिच्या खांद्याला आयोडेक्स चोळावं लागलं. इच्छा कसली होती ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, एशियाड होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. बाबा मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. नाशिकला एक लहानसा फ्लॅट घेऊन ठेवला होता. सरकारी घर निवृत्तीनंतर आणखी काही महिने ठेवता येत असे, पण बाबांचा स्वभाव असा की ज्या दिवशी खुर्ची सोडायची त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली परत. जानेवारीत सांगलीचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको आमच्याकडे उतरले होते. जेवताना डॉक्टरीणबाईंनी सहज आईला विचारलं, वहिनी, तुम्हाला स्वतःला काय आवडलं जास्त, कुतुबमिनार की लाल किल्ला? आई पोळी वाढत होती. म्हणाली, मला कागदावरचंच ठाऊक, मी काही गेले नाही.

सगळे हसले. त्यांना वाटलं, चेष्टा करते आहे. बाबाही हसले. मी हसले नाही, कारण माझ्या लक्षात आलं की हे खरं आहे. मी मनातल्या मनात एकेक जागा आठवून पाहिली आणि कुठेच आई दिसेना. लग्न होऊन ती दिल्लीला आली त्याला पंचवीस वर्षं झाली होती. नवी नवरी असताना एकदा बिर्ला मंदिर, दर भाद्रपदात पहाडगंजचा गणपती, सरोजिनी नगरची भाजी, माझ्या वेळचं हॉस्पिटल. इंडिया गेट तिने बसच्या खिडकीतून पाहिला होता, तोही उभ्याने. बाकीची सगळी दिल्ली तिने आमच्या जेवणाच्या ताटांवरून गोळा केली होती.

डॉक्टर पती-पत्नी गेल्यावर ती बाबांजवळ आली. बाबा पेपर वाचत होते. मी तिथेच होते.

"अहो, जायच्या आधी एकदा मला दिल्ली दाखवा," आई म्हणाली. "एकच दिवस. पण पाहुण्यासारखी."

आईने मागितलेली ही एवढी एकच गोष्ट मला आठवते. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, बिल्कुल, मार्चचे चारही रविवार तुझे. आणि त्यांनी खरंच एका कागदावर चार रविवारांचा दौरा आखला, मंत्र्यांचा आखतात तसा, वेळेसकट.

पहिल्या रविवारी सोलापूरचं एक जोडपं पत्राच्या आधी येऊन पोचलं. आता दारात उभ्या माणसाला काय सांगणार? दुसऱ्या रविवारी बाबांच्या ऑफिसच्या मंडळींनी निरोपाचं जेवण ठेवलं. तिसऱ्या रविवारी खरं तर काहीच अडचण नव्हती. मी आणि बाबा तयार होतो. पण शनिवारी खालच्या मजल्यावरच्यांकडे उतरलेल्या पाहुणीच्या लेकराला ताप भरला आणि आई म्हणाली, उद्या खालचे सगळे प्रार्थनेला जातील, तिच्याजवळ बिचारीजवळ कुणी नाही, मी जाऊन बसते. मी तिच्यावर इतकी भडकले की भांड्यांची पेटी बांधताना मुद्दाम आदळआपट केली. तिने पेटी उघडली, भांडी नीट लावली आणि खाली निघून गेली. दुसऱ्याची अडचण दिसली की आईला स्वतःचं काही आठवतच नसे, आणि याचा मला अभिमान वाटायचा की संताप यायचा, ते मला आजही सांगता येत नाही.

उरला एक रविवार. गुरुवारी मी कॉलेजातून आले तेव्हा जिन्याखालच्या पेटीत एक पोस्टकार्ड पडलेलं दिसलं. कोल्हापूरहून बाबांच्या मामेभावाचं. शनिवारी दुपारी सहकुटुंब, पाच माणसं, पोचत आहोत. रविवारी दिल्ली पाहून रात्रीच्या गाडीने हरिद्वार. तुम्ही दिल्ली सोडण्याआधी एकदा भेट होईल याचा आनंद वाटतो.

मी ते कार्ड पुस्तकात घातलं आणि घरी काही बोलले नाही. आमच्या घरात पाहुण्याला नाही म्हणणं हा प्रकारच नव्हता. बाबांना ते जमलं नसतं. आईला कळतं तर तिने शनिवारी पुरण शिजत घातलं असतं आणि रविवारी मला म्हणाली असती, तूच यांना घेऊन जा. मला एवढंच दिसत होतं की हा रविवार गेला तर आई दिल्ली न पाहता नाशिकला जाईल आणि त्याबद्दल जन्मात एक अक्षर बोलणार नाही.

शनिवारी मी लायब्ररीत जाते असं सांगून स्टेशनवर गेले. गाडी दीड तास उशिरा आली. काका, काकू, त्यांची दोन मुलं आणि काकांच्या मावशी, सगळे कोळशाची पूड बसलेल्या चेहऱ्यांनी उतरले. मी त्यांना म्हटलं, घरी सरकारी चुनाकाम काढलंय, सगळं सामान व्हरांड्यात आहे. काकू म्हणाल्या, आम्ही व्हरांड्यात झोपतो की. मी म्हटलं, पाणीपण नाही. त्यावर काकू म्हणाल्या, मग तुम्हीच आमच्याबरोबर हॉटेलात चला, चार दिवस तुमचे हाल कशाला? असली माणसं. मी त्यांना पहाडगंजच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात नेलं आणि दोन खोल्या बघून दिल्या. निघताना काकूंनी पिशवीतून काकवीची बरणी आणि तिखटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला, वहिनींना द्या म्हणाल्या. मला त्या क्षणी स्वतःची अतिशय लाज वाटली. पण मी बधले नाही.

आणि मग मी मूर्खपणा केला. काकांनी विचारलं, उद्या काय काय पाहावं म्हणतेस? माझ्या पर्समध्ये त्या कागदाच्या दोन-तीन प्रती कायम असत. पाहुण्याने तो प्रश्न विचारला की माझा हात आपोआप पर्समध्ये जायचा, दहा वर्षांची सवय. मी प्रत काढून दिली आणि वर ठासून सांगितलं, यात आहे तसंच करा, जराही फरक करू नका. काकवी आणि तिखट खालच्या मजल्यावरच्यांकडे ठेवून मी घरी आले आणि स्वतःवर खूष होऊन झोपले.

रविवारी आई पहाटे उठून तयार झाली होती. तिने मोतिया रंगाची साडी काढली होती, कधी तरी कुणा पाहुणीने दिलेली, घडी न मोडलेली. डबा चार पुडांचा, कडी लावलेला, दाराशी तयार. घरात सगळीकडे बांधलेली खोकी आणि मध्ये ही अशी नटून उभी. बाबांनी ऑटो आणली. बाबा! बसचा पास असताना पायी जाणारा माणूस. मला हळूच म्हणाले, पाहुण्याला बसने कसं न्यायचं?

कुतुबच्या फाटकातून आत शिरलो आणि बाबा गोंधळले. तीस वर्षांत सगळं बदललं होतं, त्यांना आठवत होती ती वाट राहिलीच नव्हती. ते उजवीकडे निघाले. आई म्हणाली, अहो, तिकडून नाही, ती वाट मागच्या पडक्या भिंतीशी जाते. डावीकडे चला, आधी नळ लागेल. नळ लागला. पुढे म्हणाली, आता तीन पायऱ्या येतील, मधली झिजलेली आहे, जपून. पायऱ्या तीनच होत्या आणि मधली झिजलेली होती. बाबांनी वर चढायचं का विचारलं तर म्हणाली, वर सोडत नाहीत आता, मीच नाही का काढायला लावलं कागदातून? आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलेल्या जागी ती पुढे आणि आम्ही दोघं तिच्या मागे चालत होतो.  मला बाबांकडे बघवेना.

मग एका कमानीतून ती बाहेर आली आणि मिनार एकदम समोर आला. आई थांबली. तिने मान वर केली, आणखी वर केली, पदर खांद्यावरून घसरला तो तिने सावरला नाही. लाल दगड, त्यावरची वेलबुट्टी, प्रत्येक सज्ज्याखालचं ते कोरीवकाम, ती एकेक मजला वर वर बघत गेली. माझं सगळं लहानपण तिथे गेलं होतं, पण मी त्या दिवशी प्रथम तो नीट पाहिला, तिच्यामुळे.

"नळ कुठे, चपला कुठे, सगळं सांगितलं सगळ्यांनी," ती म्हणाली. "हे इतकं सुंदर आहे, हे कुणी सांगितलं नाही."

कुणीच नाही सांगितलं. मीही नाही. मी दर वेळी येऊन सांगायचे, पाय दुखले, ऊन होतं, काकांनी खांबाला मिठी मारली. मला फार वाईट वाटलं आणि ते तिला सांगायचं कसं ते कळेना, म्हणून मी म्हटलं, चल, हिरवळीवर जागा धरू.

हिरवळीवर झाडाखाली, बरोबर कागदात सांगितलेल्या जागी, कोल्हापूरची पाच माणसं बसलेली होती.

दहाच्या आत कुतुबमिनार. हिरवळीवर झाडाखाली जागा धरावी. जराही फरक करू नका. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला तिथे समजलं. आईने त्यांना आधी ओळखलं. अहो, हे आपले कोल्हापूरचे ना? बाबा म्हणाले, ते इथे कसे असतील? तोवर काकूंनी हात हलवला आणि तिथूनच विचारलं, चुना वाळला का?

मला सगळं सांगावं लागलं, आणि तेही दोन्ही बाजूंसमोर. पोस्टकार्ड, स्टेशन, चुना, पाणी. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर काकांच्या मावशींच्या मांडीवरच्या कागदी पुड्यावर होती. त्यात थंडगार ब्रेड पकोडे होते, सहा का सात, आणि पाच माणसं. आपली माणसं आपल्या गावात असून हॉटेलात राहिली आणि उघड्यावर पकोडे खात बसली, ह्याहून मोठी नामुष्की आईच्या लेखी नव्हती. तिने बाबांच्या हातातून डबा घेतला, पदर खोचला, "आधी ते ठेवा खाली, हात धुऊन या, नळ त्या बाजूला आहे," म्हणाली आणि मांडी घालून वाढायला बसली. पाच मिनिटांपूर्वी मान वर करून उभी असलेली बाई कुठे गेली कुणास ठाऊक. आमचं आर. के. पुरमचं स्वयंपाकघर त्या हिरवळीवर येऊन बसलं.

मग माझा तोल गेला. मी काकूंना म्हटलं, मी खोटं बोलले त्याची माफी मागते, पण का बोलले तेही ऐका. पंचवीस वर्षं हिने दिल्लीत काढली आणि हिने हे आजपर्यंत पाहिलं नव्हतं. तुम्ही सगळे पाहून गेलात, मी पन्नासदा पाहिलं. आज शेवटचा रविवार आहे. माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाबा म्हणाले, पुरे. आई म्हणाली, काहीतरीच बोलते, राहून गेलं एवढंच.

 काकू आमच्याकडे दोनदा येऊन गेल्या होत्या, एकदा लग्नानंतर आणि एकदा थोरला मुलगा पोटात असताना. दुसऱ्या वेळी आईने त्यांना डोहाळजेवण केलं होतं आणि मी त्यांना याच झाडाखाली बसवलं होतं. त्यांनाही ते आठवलं असणार. त्या उठल्या, आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"वहिनी, हात धुऊन या आणि बसा," त्या म्हणाल्या. "आज वाढायचं मी बघतो. उठलात तर माझी शपथ आहे."

आई हसली, नको नको म्हणाली, पुन्हा हात पुढे केला. काकूंनी तो बाजूला सारला. शेवटी बाबा म्हणाले, बस. बाबांनी आईला बस म्हटलेलं मी क्वचितच ऐकलं होतं. आई हात धुऊन आली आणि बसली. पहिली पोळी काकूंनी तिच्या हातावर ठेवली, वर बटाट्याची भाजी, लिंबाच्या लोणच्याची फोड. आईला कळेना की सगळ्यांच्या आधी कसं खायचं. ती पोळी धरून थांबली. काकांच्या मावशी म्हणाल्या, खा गं बाई. मग तिने मिनाराकडे तोंड केलं आणि घास घेतला.

आम्ही तिघांचा डबा घेऊन निघालो होतो आणि जेवणारी आठ माणसं झाली होती. काकू वाढत राहिल्या आणि पोळ्या संपेनात. पकोडेही होते, थोडं थोडं सगळ्यांना पुरलं. बाबांना चेष्टा सुचली. म्हणाले, तुला स्वप्न पडलं होतं का हे येणार म्हणून? की माझ्या खाण्याचा एवढा धसका घेतलायस?

आई मिनाराकडेच बघत होती. मागे न वळता म्हणाली, "सवय लागलीय. हिच्याबरोबर पाहुण्यांचा डबा द्यायचे ना, तेव्हा दोन पोळ्या जास्तीच्या घालत असे. माझ्या. ऐन वेळी कुणी तू पण चल म्हणालं असतं, तर मला परत चूल पेटवायला नको."

तिने हे काही दुःखाने सांगितलं नाही. वाटेतल्या नळाबद्दल सांगावं तसं सांगितलं. बाबा खाली बघत हिरवळीचं गवत उपटत राहिले. काकूंनी आणखी एक पोळी आईच्या हातावर ठेवली आणि तिने ती निमूट घेतली.

मला त्या दोन पोळ्या ठाऊक होत्या. दर वेळी डब्यात उरायच्या. दहा वर्षं मी त्या इथल्याच कुत्र्यांना घातल्या, आणि घरी जाऊन आईला ऐकवलं की तुला अजून माणसांचा अंदाज येत नाही.